शाळेचा फुटबॉल संघ: बाराव्या नंबरपासून पुढे

कोरेगाव तालुक्यातल्या एका हायस्कूलला नुकत्याच रुजू झालेल्या क्रीडाशिक्षिकेने विचारलंय: "मी खो-खोची खेळाडू. शाळेने यंदा फुटबॉल माझ्याकडे दिलाय. मुलं बावीस, चेंडू दोन, मैदान अर्धं. सरावाला कधी वीस येतात, कधी सात. पालक म्हणतात ट्यूशन बुडते. जुलैअखेर स्पर्धा आहे. रोज नेमकं करायचं काय?"

मॅडम, सांगलीत मी 23 वर्षं हेच करतोय. तुमच्या प्रश्नातलं सगळ्यात महत्त्वाचं वाक्य आहे 'कधी वीस येतात, कधी सात'. पासिंग, फॉर्मेशन, कॉर्नर कसा घ्यायचा हे चार दिवस मोबाईलवर बघितलं तरी कळतं. सात पोरं आलेल्या संध्याकाळी काय करायचं, ते मात्र कोर्समध्ये शिकवत नाहीत. मी पतियाळाच्या राष्ट्रीय क्रीडा संस्थेचा सहा आठवड्यांचा कोर्स केला, पुढे फुटबॉल प्रशिक्षकाचं डी लायसन्सही केलं. दोन्हीकडे मैदान हिरवं होतं आणि पोरं वेळेवर यायची!

माझ्या चौथ्या की पाचव्या वर्षाची गोष्ट. सतरा वर्षांखालचा संघ होता आणि अकरा पोरं नामी जमली होती. सराव म्हणजे त्या अकरांचाच. उरलेली सात जण गोलच्या मागे उभी राहून बाहेर गेलेला चेंडू आणायची, बाटल्या भरायची, फक्की मारायची. जिल्ह्याच्या सामन्याला सकाळी मैदानावर गेलो तर दोघं गायब. एकाची क्लासची टेस्ट होती, वडिलांनी घराबाहेर पडू दिलं नाही. दुसरा गणपतीच्या ढोलपथकात रात्री बारापर्यंत वाजवत होता. कमरेला ढोलाच्या दोरीचा वळ आणि अंगात ताप. तिसरा विसाव्या मिनिटाला पाय मुरगळून बाहेर आला. राखीवमधले दोघं आधीच आत गेलेले. मग सोळा नंबरची जर्सी घातलेल्या पोराला म्हटलं, "जा, राईट बॅकला थांब." ते माझ्याकडे बघत राहिलं आणि हळूच म्हणालं, "सर, राईट म्हणजे आपला का त्यांचा?"

वर्षभर एक दिवस न चुकलेलं पोरगं, आणि त्याला मैदानावरची जागा ठाऊक नाही. असणार कशी? मी त्याला खेळवलंच नव्हतं. पुढे रेषेबाहेरून हाताने चेंडू आत टाकताना, म्हणजे थ्रो टाकताना, त्याने मागचा पाय उचलला, रेफ्रीने शिट्टी मारली, थ्रो त्यांच्याकडे गेला आणि त्यातूनच गोल बसला. 1-0 ने हरलो. परतताना टेम्पोत पोरं त्याला टाकून बोलत होती आणि मी पुढे ड्रायव्हरशेजारी बसून ऐकून घेत होतो. हरल्याचं कधीच विसरलो, ते गप्प बसणं अजून लागतं.

तेव्हापासून मी संघ खालून वर बांधतो. पहिले सात-आठ खेळाडू तुम्ही काही केलं नाही तरी खेळणार आहेत. ते सुट्टीत खेळतात, गल्लीत खेळतात. शाळेच्या संघाचा निकाल बारावा ते अठरावा गडी ठरवतो, कारण जुलै ते ऑक्टोबर आपल्याकडे ठरवलेले अकरा एका दिवशी हजर राहणं हा योगच असतो. पाऊस, गणपती, घटक चाचणी, शेतातली कामं, ताप, गावची जत्रा, यातलं काहीतरी असतंच.

आता रोजचं. तुमच्याकडे तास-सव्वा तास असेल असं धरतो. एक नियम पाळा: मैदानावर रांग दिसता कामा नये. एक पोरगं किक मारतंय आणि एकोणीस जण पाळीची वाट बघताहेत, हा सराव नव्हे, रेशनची लाईन झाली. दोन चेंडू म्हणजे दोन खेळ. वीस आले तर अर्ध्या मैदानाचे दोन तुकडे करून पाच-पाचचे दोन सामने लावा, गोलला विटा नाहीतर चपला. सात आले तर तीन विरुद्ध तीन, आणि सातवा नेहमी ज्यांच्याकडे चेंडू आहे त्यांच्या बाजूचा. त्या सातव्याच्या जागी तुमचं सगळ्यात कच्चं पोरगं ठेवा. चेंडू सारखा त्याच्याकडे येतो, त्याला द्यावाच लागतो, आणि दोन आठवड्यांत ते मान वर करून खेळायला लागतं. मी तर सातची संध्याकाळ आता वाया गेली म्हणत नाही. वीस पोरांत जे दडून राहतं, ते सातमध्ये उघडं पडतं.

वॉर्मअपला मैदानाला फेऱ्या मारायला लावू नका. फिफाचा '11+' म्हणून पंधरा व्यायामांचा संच आहे, पुरा करायला वीस मिनिटं लागतात, साहित्य काही नाही. गुडघा आणि घोट्याच्या दुखापती त्याने खरोखर कमी होतात, पण आठवड्यातून निदान दोनदा नेमाने केला तरच. पहिले पंधरा दिवस पोरं कुरकुरतील, एका पायावर तोल सांभाळताना एकमेकांना ढकलून हसतील. हसू द्या.

आणि खो-खोचं म्हणाल, तर ती तुमची अडचण नाहीच. पाठलाग करणारा पळणाऱ्याला खांबाकडे कसा रेटत नेतो, हे तुम्हाला झोपेतही कळतं. समोरच्याच्या पायातला चेंडू काढायचा म्हणजे तेच करायचं असतं. थेट अंगावर जायचं नाही, गेलं की हुलकावणी बसते. थोडं तिरकं जाऊन त्याला साईडलाईनकडे रेटायचं; लाईन हा आपला जादा गडी. फुटबॉलवाले प्रशिक्षक हे समजवायला आठवडा घालवतात. तुम्ही पोरांना दोन दिवस खो-खो खेळवा आणि तिसऱ्या दिवशी चेंडू द्या.

थ्रो-इन रोज पाच मिनिटं, सगळ्यांकडून. दोन्ही पाय जमिनीला टेकलेले, दोन्ही हात, चेंडू डोक्यामागून डोक्यावरून. थ्रोवरून थेट ऑफसाईड होत नाही हेही सांगून ठेवा, आपल्या निम्म्या पोरांना ते माहीत नसतं. गोलकीपर दोन तयार करा. एकच ठेवला की नेमका त्याचाच अंगठा दुखावतो. हेडिंगच्या मागे लागू नका. अमेरिकेत 2015 साली दहा वर्षांपर्यंतच्या मुलांना हेडिंग बंद केलं आणि अकरा ते तेरा वयात सरावात मर्यादा घातली. मी चौदाखालच्या पोरांना हलक्या चेंडूवर तंत्र दाखवतो, तेवढंच.

तुमच्याकडचं मैदान मुरमाचं असणार. आमच्याकडे काळी माती. पावसात ती बुटाच्या स्टडला अशी धरते की पोरगं प्रत्येक पायाला अर्धा किलो घेऊन पळतं, आणि उन्हाळ्यात भेगा पडतात त्यात पाय जातो. मुरमावर दुसरं दुखणं: महागाचा शिवलेला चेंडू महिन्यात सोलून निघतो. मुख्याध्यापकांना सांगून टणक मैदानासाठीचा रबरी चेंडू घ्या, दिसायला साधा असला तरी वर्ष काढतो. माप 5 चा चेंडू घेर 68 ते 70 सेंटीमीटर, वजन 410 ते 450 ग्रॅम. हवा भरताना सुई ओली करून घाला. कोरडी घुसवली की व्हॉल्व्ह जातो आणि दोनाचा एक चेंडू उरतो. सुया चार घेऊन ठेवा, त्या हरवतातच. तारेच्या कुंपणालगत बाभळ असेल तर ती आधी तोडून घ्या. मी तीन चेंडू गमावल्यावर शहाणा झालो.

ट्यूशन आणि पालक. इथे जरा थांबतो, कारण संघ मोडतात ते इथेच.

आधी एसटीचं वेळापत्रक काढा. गंमत नाही करत. कुठल्या पोराची शेवटची गाडी किती वाजता, हे हजेरीच्या वहीत नावापुढे लिहा. शाळा पाचला सुटली आणि वाडीची गाडी सहाला असेल, तर ते पोरगं साडेपाचपासून तुमचं ऐकत नसतं, स्टँडकडे कान लावून असतं. त्याला आधी खेळवून आधी सोडा. सकाळी सहाचा सराव घेणार असाल तर उपाशीपोटी येणाऱ्यांचं बघा. आमच्याकडे एक पोरगं सारखं चक्कर येऊन बसायचं. आदल्या रात्री आठला जेवलेलं आणि त्यानंतर थेट शाळेतला दुपारचा भात! आता माझ्या डब्यात शेंगदाणे-गूळ असतो. सामन्यानंतर केळी आणि भडंग. सांगलीत भडंगाशिवाय संघ घरी जात नाही.

पालकांना शाळेत बोलावू नका, येत नाहीत. आले तरी तक्रार ऐकायला आल्यासारखे येतात. तुम्ही घरी जा, चहा घ्या आणि आईशी बोला. दहावीच्या पोराची आई विचारते, "खेळून काय मिळणार?" उत्तर देताना जपून. काही जण लगेच सरकारी नोकरीतलं खेळाडूंचं पाच टक्के आरक्षण आणि बोर्डाचे क्रीडा गुण सांगून मोकळे होतात. दोन्ही खरं आहे, पण तालुक्याला खेळलेल्या पोराच्या पदरात त्यातलं काही पडत नाही, आणि पुढच्या वर्षी ती माऊली बरोबर ते आठवून विचारते. मी एवढंच सांगतो: आठवड्यात चार दिवस, सहाला घरी, चाचणीच्या आठवड्यात सुट्टी, आणि मार्क घसरले तर मीच थांबवीन. मग हे पाळायचं. एकदा मी चाचणीच्या आठवड्यात 'फक्त अर्धा तास' म्हणून बोलावलं होतं. त्या वर्षी तीन घरांची दारं माझ्यासाठी बंद झाली.

ट्यूशनवाल्या सरांशीही बोला. ते आपले शत्रू नाहीत, त्यांनाही पोरं टिकवायची असतात. आमच्या भागातल्या एका गणिताच्या सरांनी माझ्या सहा पोरांची बॅच सातला केली. सामना असला की ते स्वतः स्कोअर विचारतात.

गणपतीच्या पंधरवड्याशी लढू नका. ढोलपथक, मिरवणूक, आमच्या शेजारी मिरजेला तर अनंत चतुर्दशीच्या स्वागत कमानींचं वेड, त्यापुढे फुटबॉल काय! मी पथकाच्या प्रमुखाला गाठून एवढंच मागतो, की सामन्याच्या आदल्या रात्री माझी पोरं दहाला सोड. बहुतेक वेळा मिळतं.

कागदपत्रांचा कंटाळा आला तरी तेच आधी करा. शालेय स्पर्धेचे गट 14, 17 आणि 19 वर्षांखालील. वय 1 जानेवारीला धरून मोजतात. सुब्रोतो करंडक वेगळा. 1960 पासून हवाई दलाशी जोडलेली ती शाळांची फुटबॉल स्पर्धा, तिथे धाकट्या मुलांचा गट आता 15 चा आहे. म्हणजे एकाच पोराचा गट दोन स्पर्धांत वेगळा येऊ शकतो. त्या वर्षीचं परिपत्रक समोर ठेवून भरा. जन्मदाखला आणि शाळेच्या जनरल रजिस्टरमधली तारीख जुळते का बघा. आमच्या पिढीत मास्तरांनी अर्ध्या वर्गाला 1 जून लावून टाकला होता. आता तसं होत नाही, पण स्पेलिंगचा आणि तारखेचा घोळ दर वर्षी एक तरी निघतो आणि तो निघतो मैदानावर, समोरच्या शाळेने हरकत घेतल्यावर. वय लपवून खेळवायला कुणी सुचवेल. सुचवतातच, आणि तेही शाळेतलेच. ऐकू नका.

या 1 जानेवारीची आणखी एक गोम. चौदाच्या गटात जानेवारीत जन्मलेलं पोरगं डिसेंबरवाल्यापेक्षा जवळजवळ वर्षाने मोठं असतं. ते उंच, दणकट, म्हणून आपण त्यालाच घेतो आणि डिसेंबरवालं बारकं बाहेर बसतं. बाराव्या नंबरपुढे कोण बसलंय त्यांचे महिने एकदा तपासा. मी तपासले तेव्हा सातातली पाच सप्टेंबरनंतरची निघाली.

दुखापत. पाय मुरगळला की आपल्याकडे चार हात तेल घेऊन धावतात, कुणी ओढून 'बसवायला' बघतं. चोळायचं नाही, ओढायचं नाही. बर्फ, घट्ट पट्टी, पाय उंच. स्वतःच्या पायाने चार पावलंही टाकता येत नसतील किंवा घोट्याच्या हाडावर दाबल्यावर ओरडत असेल, तर एक्स-रे. डोक्याला मार लागून पोरगं गोंधळलं, उलटी आली, तर त्या दिवशी परत मैदानात नाही. ते कितीही म्हणो, आणि स्कोअर काहीही असो. तेरा-चौदाचं पोरगं गुडघ्याखाली टेंगूळ दाखवत दुखतंय म्हणालं तर ते नाटक नसतं. उंची झपाट्याने वाढताना तिथलं हाड ओढलं जातं. उड्या आणि पळणं कमी करा, डॉक्टरांना दाखवा, बहुतेकांचं वाढ थांबली की थांबतं. आणि परतीच्या पावसात गडगडलं की सामना सोडून आत. शेवटच्या गडगडाटानंतर अर्धा तास होईपर्यंत बाहेर यायचं नाही. रेफ्री घाई करत असला तरी तुमची पोरं तुमच्या ताब्यात आहेत.

सामन्याच्या दिवशी माझ्या खिशात रिकामी काड्यापेटी असते. कडं, बाळी, साखळी, ताईत, यातलं काहीही घालून खेळता येत नाही, पट्टी गुंडाळूनसुद्धा नाही. आईने बांधलेला गंडा काढायला पोरगं तयार होत नाही, म्हणून ते आदल्या दिवशीच घरी बोलून ठेवायचं. शिनगार्ड, म्हणजे नडगीवरची ढाल, सगळ्यांना लागतात. दोन जोड जादा ठेवा.

मुलींचा संघ तुम्ही जरूर काढा. मला बाई सहकारी मिळेपर्यंत दहा वर्षं लागली आणि तोवर माझ्याकडे मुली टिकत नव्हत्या. हाफपँट, पाळी, अंधार पडायच्या आत घर, हे बोलायला त्यांना माझ्यासारखा मिशीवाला मास्तर नको असतो. तुमच्याकडे त्या आपणहून येतील. मुलींना बारावीपर्यंत एसटीचा पास मोफत आहे, ते कारण घरी उपयोगी पडतं. त्यांच्या गुडघ्याला मात्र जास्त जपा. उडी मारून खाली येताना गुडघे आत वळताहेत का, हे रोज बघा.

कोल्हापूरची धास्ती बाळगू नका. विभागाला गेलात तर तिथली शाळा समोर येणारच. त्यांच्याकडे पेठापेठांत फुटबॉल आहे, तालमींचे संघ आहेत, 2017 चा सतरा वर्षांखालचा विश्वचषक खेळलेला अनिकेत जाधव तिथलाच. आम्ही तिथे बहुतेक हरतो. हरून आल्यावर पोरं पंधरा दिवस भलतीच मन लावून खेळतात, हाही एक फायदाच.

2019 चं एक सांगतो. सांगलीच्या आयर्विन पुलाजवळ कृष्णा 40 फुटांना इशारा, 45 ला धोका. त्या ऑगस्टमध्ये ती 57 फुटांवर गेली. पाणी उतरल्यावर मैदानावर गेलो तर गोलच्या आडव्या बारला उसाचं पाचट लोंबत होतं. बार म्हणजे 2.44 मीटर, माझा हात जेमतेम पोचतो. गाळ घोट्याच्या वर. सराव कसला, पोरांची घरंच सावरायची होती. तिसऱ्या आठवड्यात मी नुसतं बघायला म्हणून गेलो, तर पाच-सहा पोरं फावडी घेऊन गाळ ओढत होती. पहिल्या अकरातला एक होता. बाकी सगळे मागचे.

तुमच्या हातात जुलैअखेरपर्यंत जे काही आठवडे आहेत त्यात सगळं होणार नाही. थ्रो, दोन गोलकीपर, पाच-पाचचे सामने आणि प्रत्येकाला किमान दोन जागा माहीत असणं, एवढं धरा. यादी फळ्यावर लावू नका. जो अकरात नाही त्याला आदल्या दिवशी बाजूला घेऊन सांगा, आणि कितव्या मिनिटाला कुणाच्या जागी आत जाणार तेही सांगा. आणि सांगितलं की घाला, 0-0 असलं तरी. आदल्या रात्री फोन करायचे असतात ना, ते कॅप्टनला सगळ्यात शेवटी. आधी तेरा, चौदा, पंधरा आणि सोळा.